मेंदूतील पहारेकरी आणि कंपवात

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारा कामगार तुटलेला धागा कसा जोडतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. उभा धागा तुटला की तो माग थांबवतो, तुटलेली दोन्ही टोके शोधतो, ती चिमटीत धरून गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू करतो. सराईत माणसाला हे काम करताना बोटांकडे पाहावेही लागत नाही. परंतु या क्षणभराच्या कामात अंगठा, तर्जनी, मनगट आणि कोपर यांचे कितीतरी स्नायू ठरावीक क्रमाने आकुंचन पावतात व सैल होतात. कोणता स्नायू केव्हा आणि किती ओढायचा हे मेंदू ठरवतो.

आता अशी कल्पना करा, की साठीच्या घरातील एका विणकराचा उजवा हात मांडीवर विसावलेला असताना थरथरतो. पूर्वी झटकन बसणारी गाठ आता बसायला वेळ लागतो. सदऱ्याच्या गुंड्या लावताना बोटे अडतात, सही बारीक होत जाते, चालताना एक हात झुलत नाही आणि चेहरा निर्विकार दिसू लागतो. घरातील मंडळी म्हणतात, "आता वय झालं." हे नुसते वय नसण्याचा बराच संभव आहे. या विकाराला पार्किन्सनचा विकार म्हणतात. आयुर्वेदात अशा लक्षणांना कंपवात हे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा विकार होता.

प्रत्येक थरथर म्हणजे कंपवात नव्हे, हे मात्र आधीच सांगितले पाहिजे. थायरॉइड ग्रंथीच्या बिघाडाने हात थरथरतो, काही औषधांनीही थरथरतो. काही जणांचा हात पेला उचलताना कापतो. तो विकार वेगळा. पार्किन्सनमधील कंप बहुधा हात स्वस्थ असताना दिसतो, काम करू लागले की कमी होतो, आणि त्याची सुरुवात बहुधा एकाच बाजूने होते. काही रुग्णांत कंप मुळीच नसतो, केवळ हालचाली मंदावतात व स्नायू ताठ होतात. म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचे असते.

काळ्या पेशींचा लहानसा पट्टा

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एक छोटे पुस्तक लिहून सहा रुग्णांचे वर्णन केले. त्यांपैकी काहींना तर त्यांनी केवळ रस्त्यात चालताना पाहिले होते! वर्णन अचूक होते, पण बिघाड शरीरात कोठे आहे हे त्यांना कळणे शक्य नव्हते. ते कळण्यास आणखी शंभर वर्षे लागली. १९१९ साली पॅरिसमध्ये त्रेत्याकोफ या तरुण संशोधकाने आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की या रुग्णांच्या मेंदूतील एका विशिष्ट भागातील पेशी नष्ट झालेल्या असतात.

हा भाग मेंदूच्या खालच्या बाजूस, मध्यमस्तिष्कात असतो. त्यातील चेतापेशींमध्ये काळसर रंगद्रव्य असल्यामुळे तो नुसत्या डोळ्यांनाही काळपट पट्ट्यासारखा दिसतो. म्हणून त्याला 'सबस्टॅन्शिया नायग्रा' म्हणजे कृष्णद्रव्य असे नाव आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांच्या तुलनेत कृष्णद्रव्यातील या काळ्या पेशी अगदीच थोड्या, म्हणजे काही लाख. पण त्यांचे काम मोठे आहे. त्या डोपामाइन नावाचे रसायन तयार करतात, आणि हे रसायन मेंदूच्या हालचाली नियंत्रित करणाऱ्या केंद्रांना मिळाले नाही, तर हालचाली अडखळतात.

डोपामाइनचे हे महत्त्व १९५७-५८ च्या सुमारास स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइनची तूट असते, हे व्हिएन्नात १९६० साली सिद्ध झाले. मग साधा विचार असा, की जे कमी आहे ते बाहेरून द्यावे. पण डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. त्याच्या आधीचे रसायन, एल-डोपा, मात्र शिरू शकते व आत गेल्यावर त्याचे डोपामाइन होते. १९६० च्या दशकापासून एल-डोपा हेच या विकारावरील मुख्य औषध आहे.

येथे आपल्या मातीतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कुंपणावर चढणारा खाजकुइलीचा वेल तुम्हांला ठाऊक असेल. त्याच्या शेंगांवरील लव अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा होतो. या वेलाच्या बियांत एल-डोपा असते. १९३७ साली मद्रास येथे दामोदरन आणि रामस्वामी या शास्त्रज्ञांनी ते बियांतून वेगळे काढले. त्या वेळी त्याचा कंपवाताशी असलेला संबंध कोणालाच माहीत नव्हता. पुढे १९७८ साली डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बियांचा पार्किन्सनच्या रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. अर्थात, म्हणून कोणी त्या बिया स्वतःच्या मनाने खाऊ नयेत. बीमध्ये औषध किती आहे हे दिसून समजत नाही, आणि मात्रा चुकली तर अपाय होतो.

एल-डोपाने रुग्ण पुन्हा चालू लागतो, बोलू लागतो. पण हे औषध तूट भरून काढते, तुटीचे कारण दूर करत नाही. औषध चालू असतानाही काळ्या पेशी मरतच राहतात. लक्षणे स्पष्ट दिसू लागतात तोपर्यंत त्यांपैकी बऱ्याचशा, बहुधा निम्म्याच्या आसपास, गेलेल्या असतात. म्हणून खरा प्रश्न असा, की या पेशी मरतात तरी का? याच्या उत्तराचा एक भाग चेतापेशींत नव्हे, तर त्यांच्या शेजाऱ्यांत सापडला आहे.

शेजारी कोण?

मेंदूत चेतापेशींखेरीज दुसऱ्याही पेशी आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यांना 'ग्लिया' हे नाव मिळाले. या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस किंवा डिंक. चेतापेशींना एकत्र चिकटवून ठेवणारा मसाला, एवढीच त्यांची किंमत तेव्हा समजली जाई. १९१९ साली, म्हणजे पॅरिसमध्ये कृष्णद्रव्याचा शोध लागला त्याच वर्षी, माद्रिदमध्ये पीओ देल रिओ-होर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगवण्याची एक नवी पद्धत वापरली. तेव्हा त्यांना बारीक अंगाच्या आणि अनेक फांद्यांच्या निराळ्याच पेशी दिसल्या. त्यांना त्यांनी 'मायक्रोग्लिया' असे नाव दिले. मेंदूला इजा झाली की या पेशी फांद्या आखडून गोलसर होतात, इजेच्या जागी जातात आणि तेथील मोडतोड गिळून टाकतात, हेही त्यांनी ओळखले. एकाच वर्षी लागलेल्या या दोन शोधांचा एकमेकांशी संबंध आहे, हे लक्षात येण्यास मात्र जवळजवळ ७० वर्षे जावी लागली.

मेंदूला स्वतःचे वेगळे पहारेकरी का लागावेत? आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीरभर फिरून जंतूंशी लढतात. परंतु मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती विशेष घट्ट असतात. त्यांतून नको ते पदार्थ आत येत नाहीत, तसेच पांढऱ्या पेशीही सहजासहजी आत येत नाहीत. तेव्हा आतल्या आत पहारा ठेवणारे कोणीतरी हवे. हे काम मायक्रोग्लिया करतात. उंदरांवरील प्रयोगांतून २०१० साली असे दिसून आले, की या पेशी गर्भावस्थेत अगदी सुरुवातीलाच मेंदूत येऊन दाखल होतात आणि पुढे तेथेच आपली संख्या राखतात.

पूर्वी असे मानले जाई, की काही संकट आले नाही तर या पेशी स्वस्थ बसून असतात. २००५ साली हा समज मोडला. जिवंत उंदराच्या मेंदूत विशेष प्रकारच्या सूक्ष्मदर्शकाने पाहिले असता त्यांच्या फांद्या सतत हलताना दिसल्या. पेशीचे अंग जागेवरच राहते, पण फांद्या पुढे जातात, चाचपतात, मागे येतात आणि दुसरीकडे वळतात. अशा रीतीने काही तासांत सगळ्या मेंदूची एक फेरी पुरी होते, असा संशोधकांचा हिशेब आहे. यंत्रमागाच्या कारखान्यात मागांच्या रांगांमधून फिरत राहणारा आणि बिघाड दिसला की हत्यारे घेऊन धावणारा जॉबर असतो ना, तसेच हे काम आहे.

रक्षक की भक्षक?

१९८८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे पॅट्रिक मॅकगीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सनने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. त्यांच्या कृष्णद्रव्यात खवळलेल्या मायक्रोग्लिया मोठ्या संख्येने आढळल्या. हा पुरावा महत्त्वाचा होता, पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नव्हता. घराला आग लागलेली असताना तेथे अग्निशामक दलाचे जवान दिसले, म्हणून आग त्यांनीच लावली असे आपण म्हणत नाही. पेशी मेल्या म्हणून पहारेकरी जमले, की पहारेकरी खवळले म्हणून पेशी मेल्या?

या प्रश्नावर एका दुर्दैवी घटनेने प्रकाश पाडला. १९८२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात काही तरुणांनी चोरून बनवलेले एक मादक द्रव्य टोचून घेतले. ते बनवताना त्यात एमपीटीपी नावाचे विष मिसळले गेले होते. थोड्याच दिवसांत हे धडधाकट तरुण वृद्ध पार्किन्सन रुग्णांसारखे ताठ आणि निश्चल झाले. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी कारण शोधून काढले. ते विष नेमके कृष्णद्रव्यातील पेशींना मारत होते. पुढे त्यांपैकी तिघांच्या मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासण्यात आले. १९९९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चकित करणारा होता. विष घेतल्याला ३ ते १६ वर्षे लोटली होती, विष शरीरातून केव्हाच निघून गेले होते. तरी कृष्णद्रव्यातील मायक्रोग्लिया खवळलेल्याच होत्या आणि पेशींचा नाश चालू असल्याच्या खुणा दिसत होत्या. ठिणगी विझली होती, पण वणवा पसरत होता.

दुसरा पुरावा २००० साली उंदरांच्या जातीतील प्राण्यांवरील प्रयोगातून आला. जंतूच्या आवरणातील एक पदार्थ मायक्रोग्लियांना डिवचतो. तो पदार्थ मेंदूच्या तीन वेगवेगळ्या भागांत टोचला, तेव्हा चेतापेशींचा नाश झाला तो कृष्णद्रव्यात. इतर दोन भागांतील चेतापेशी टिकल्या. कृष्णद्रव्याच्या परिसरात मायक्रोग्लियांची दाटीही अधिक आढळली. म्हणजे येथे चेतापेशींवर मुळात कोणतेच विष घातलेले नव्हते. पहारेकऱ्यांना डिवचणे एवढेच पुरे झाले.

हे घडते कसे? जंतूंना मारण्यासाठी मायक्रोग्लिया नायट्रिक ऑक्साइड आणि प्राणवायूची तीव्र क्रियाशील संयुगे सोडतात. शिवाय दाह वाढवणारी प्रथिनेही सोडतात. ही शस्त्रे जंतू आणि आपली पेशी असा भेद करत नाहीत. डोपामाइन तयार करणाऱ्या पेशींत आधीच रासायनिक ताण असतो, त्यामुळे त्या लवकर बळी पडतात. पेशी फुटली की तिच्यातील काळे रंगद्रव्य बाहेर सांडते. ते पाहून मायक्रोग्लिया अधिकच खवळतात, आणखी शस्त्रे सोडतात, आणखी पेशी फुटतात. असे हे दुष्टचक्र आहे.

या चक्रात आणखी एक पात्र आहे. आल्फा-सिन्यूक्लीन हे चेतापेशींतील नेहमीचे प्रथिन. पार्किन्सनमध्ये त्याची घडी बिघडते व त्याच्या गुठळ्या होतात. या गुठळ्या 'लेवी पिंड' म्हणून ओळखल्या जातात. ते पिंड याच प्रथिनाचे बनलेले असतात, हे १९९७ साली कळले. पेशीबाहेर आलेले हे बिघडलेले प्रथिनही मायक्रोग्लियांना डिवचते.

नाण्याची दुसरी बाजू

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, की मग या पेशी काढूनच टाकाव्यात! संशोधकांनी तोही प्रयोग करून पाहिला. उंदरांच्या मेंदूतील मायक्रोग्लिया औषधाने जवळजवळ नाहीशा केल्या आणि मग त्यांना एमपीटीपी दिले. नुकसान कमी होण्याऐवजी वाढले! हा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. पहारेकरी नसलेले घर अधिक असुरक्षित असते, हेच खरे.

जर्मनीतील बॉन येथील संशोधकांनी २०२१ साली याहून नवलाची गोष्ट दाखवली. एखाद्या मायक्रोग्लियाने बिघडलेले आल्फा-सिन्यूक्लीन फार गिळले आणि तिला ते पचेना, तर ती शेजारच्या मायक्रोग्लियांशी अतिशय बारीक नळ्यांनी जोडली जाते व त्यातील काही भार त्यांच्याकडे पाठवते. उलट शेजारणी तिला ऊर्जा निर्माण करणारी आपली धडधाकट तंतुकणिका देतात. ओझे वाटून घेतल्यामुळे साऱ्याच तगतात. पार्किन्सनशी संबंधित असा एक आनुवंशिक दोष असलेल्या पेशींत मात्र ही वाटणी नीट होत नाही.

म्हणजे मायक्रोग्लिया मुळात शत्रू नाहीत. तरुण व निरोगी असताना त्या साफसफाई करतात, भार वाटून घेतात आणि काम झाले की शांत होतात. त्यांचे शांत होणे थांबले की विकाराला बळ मिळते. वयाचा यात काय वाटा आहे, याचा अभ्यास आपल्या देशातही झाला आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी दान केलेल्या मानवी मेंदूंतील कृष्णद्रव्य तपासले. वाढत्या वयाबरोबर तेथील मायक्रोग्लियांचा आकार बदलतो, फांद्या कमी होऊन त्या गोलसर होऊ लागतात, असे त्यांना २०१५ साली आढळले. मरणोत्तर मेंदूदान करणाऱ्या कुटुंबांमुळेच अशी माहिती मिळू शकते.

उंदीर आणि माणूस

मग या पेशींना शांत करणारे औषध का नाही? प्रयत्न चालू आहेत. २०१८ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी एनएलवाय-०१ हे औषध उंदरांना दिले. त्याने मायक्रोग्लिया शांत राहिल्या व चेतापेशी वाचल्या. मोठी आशा निर्माण झाली. नंतर २५५ रुग्णांवर ३६ आठवडे चाचणी झाली. २०२४ साली निष्कर्ष आला, की रुग्णांच्या हालचालींत औषधामुळे फरक पडला नाही.

ही बातमी निराशाजनक वाटेल. पण यातून दोन गोष्टी शिकता येतात. पहिली, उंदराला गुण आला म्हणजे माणसाला येईलच असे नाही. म्हणून चाचणीवाचून औषधाची जाहिरात करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दुसरी, रुग्ण डॉक्टरांकडे येतो तेव्हा निम्मे नुकसान होऊन गेलेले असते. कदाचित औषध योग्य असून वेळ चुकत असेल. म्हणून विकार आधी ओळखण्याचे प्रयत्न आता जोरात आहेत. वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणे ही लक्षणे कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात. अर्थात ती इतर अनेक कारणांनीही होतात.

आपल्या आसपास

आपल्या राज्यातील किती लोकांना हा विकार असेल? मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. १४,०१० लोकांत त्यांना ४६ रुग्ण आढळले. हा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. या समाजात वृद्धांचे प्रमाण जास्त असल्यामुळे हा आकडा सगळ्या महाराष्ट्राला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे ध्यानात ठेवा.

सोलापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. द्राक्षे, डाळिंब, ऊस यांच्या शेतीत फवारणी नेहमीची. अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या २०११ सालच्या एका अभ्यासात पॅराक्वाट हे तणनाशक व रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांत पार्किन्सनचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. रोटेनोन वनस्पतीपासून मिळते. तेव्हा वनस्पतिजन्य ते निर्धोक असे समजू नये. फवारणाऱ्या प्रत्येकाला विकार होतो असा याचा अर्थ नाही. पण हातमोजे घालणे, तोंडाला मास्क बांधणे, वाऱ्याकडे पाठ करून फवारणे, नंतर साबणाने अंग धुणे आणि औषधाचे रिकामे डबे घरात न वापरणे, एवढे तर करता येते. घरी हे सांगणारे तुम्हीच असू शकता.

घरातील आजोबा किंवा आजी मंद झाल्या असतील, तर त्यांच्यावर "लवकर आटपा" असे ओरडू नका. त्यांचे मन सांगत असते, पण निरोप हातापर्यंत वेळेवर पोहोचत नाही. चेहरा निर्विकार दिसला तरी आत भावना असतातच. त्यांना डॉक्टरांकडे नेण्याचा आग्रह धरा, औषधाच्या वेळा लिहून ठेवा आणि रोज त्यांच्याबरोबर थोडे चाला. नियमित व्यायामाचा या रुग्णांना उपयोग होतो. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या संस्थांत रुग्ण आणि कुटुंबीय एकत्र येऊन एकमेकांना आधार देतात. बॉनमध्ये दिसलेल्या पेशींप्रमाणे माणसांनाही ओझे वाटून घेतल्याने बळ येते.

विचार करा आणि सोडवा

१. मुंबईच्या पाहणीतील आकड्यांवरून दर एक लाख लोकांमागे किती रुग्ण येतात ते काढा. वृद्धांचे प्रमाण कमी असलेल्या गावात हा आकडा वाढेल की घटेल? का?

२. 'जेथे मायक्रोग्लिया खवळलेल्या, तेथे चेतापेशी मेलेल्या' या निरीक्षणाची तीन वेगवेगळी स्पष्टीकरणे देता येतील काय? त्यांपैकी कोणते खरे हे ठरवण्यासाठी लेखातील कोणता प्रयोग उपयोगी पडतो?

३. एल-डोपा देऊन लक्षणे कमी होतात, पण विकार थांबत नाही. असे दुसऱ्या एखाद्या विकाराचे उदाहरण शिक्षकांना विचारून लिहा.

४. कागदावर दहा ओळी आपले नाव लिहा व घरातील वडीलधाऱ्यांनाही लिहायला सांगा. पहिल्या व शेवटच्या ओळीतील अक्षरांची उंची मोजा. अक्षर बारीक होत जाणे हे पार्किन्सनचे एक लक्षण आहे, पण त्याला थकवा, चष्मा, सवय अशी इतरही कारणे असतात. तेव्हा मापे जरूर घ्या, निदान मात्र डॉक्टरांवर सोडा.